निकालाआधीचा फ्लेक्स

क्विम्पो सरांच्या टेबलाला कुलूप होतं, एवढ्या एका कारणावरून समुपदेशनाचं काम त्यांच्या गळ्यात पडलं.

पुंता बालबास या आमच्या गावच्या हायस्कूलला समुपदेशक कधीच नव्हता असं नाही. एक बाई होत्या. मुलांना परदेशी जायचे मार्ग समजावता समजावता त्या स्वतःच कॅनडाला निघून गेल्या. मग मुख्याध्यापिका गुस्तिलो मॅडमनी स्टाफरूममध्ये विचारलं, "बारावीच्या मुलांचे कॉलेजचे कागद सांभाळायचेत. कुणाच्या टेबलाला कुलूप आहे?" सगळ्यांनी एकदम सरांकडे पाहिलं. त्या कुलपाआड सर सुकी मासळी ठेवत असत, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. शिवाय 'नाही' हा शब्द सरांना वर्गात शिकवता यायचा, स्वतः वापरता येत नसे. ते मूल्यशिक्षण शिकवायचे. त्या विषयात माणसाचं असंच होतं.

पहिल्याच तासाला त्यांनी बारावीच्या मुलांना विचारलं, पुढे काय करणार? अर्ध्या वर्गाने नर्सिंग सांगितलं, उरलेल्या अर्ध्याने जहाजावरची नोकरी. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "काहीही चालेल सर, फक्त विमानाने जायचं असलं पाहिजे." समुपदेशन एवढ्यात आटोपलं म्हणून सरांना बरंच वाटलं. पण तास संपल्यावर रोमालिंदा पाल्मारेस दाराशी थांबून राहिली.

बापाचं नाव रोमुलो, आईचं एर्लिंडा, म्हणून पोरगी रोमालिंदा. आमच्याकडे असंच करतात. दोन्हीकडची माणसं खूश राहतात आणि भोगायचं ते पोर भोगतं.

"सर, मला नर्स नाही व्हायचं," ती म्हणाली.

"मग काय व्हायचंय, इंदाय?" सरांनी विचारलं. आमच्याकडे 'इंदाय' म्हणजे पोरी.

"मत्स्यशास्त्र शिकायचंय. सरकारी विद्यापीठाचं ते कॉलेज शेजारच्याच गावात आहे."

"मासे तर तुझा काका न शिकताच धरतो."

"धरतो ना. आणि दर उन्हाळ्यात एका सकाळी त्याच्या तळ्यातले सगळे बांगुस मासे पोट वर करून तरंगतात. का, ते कुणालाच सांगता येत नाही. गेल्या वर्षी फादरना बोलावून तळ्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. तरी मेलेच."

सरांनी मान हलवली. त्यांच्या टेबलातली सुकी मासळी त्याच तळ्यातली असावी अशी एक शंका त्यांना येऊन गेली.

"बाबांना तुम्ही सांगा," रोमालिंदा म्हणाली. "मी सांगितलं की ते आईला हाँगकाँगला फोन लावतात. मग आई रडते. आणि आई रडली की मी नर्स होते."

"सांगतो की," सर म्हणाले.

या दोन शब्दांनी पुढे त्यांची झोप उडवली.

रोमुलो पाल्मारेस ट्रायसिकल, म्हणजे मोटरसायकलला जोडलेली टपाची गाडी, चालवायचा. सर रोज त्याच्याच ट्रायसिकलने शाळेत जात. तिच्या पाठीवर रोमुलोने, मुलगी सहावीत असतानाच, लाल रंगात 'नर्स रोमालिंदा' असं लिहून घेतलं होतं आणि खाली पंख असलेलं एक थर्मामीटर काढून घेतलं होतं. ते वाचत वाचत आत बसायचं आणि बसल्यावर त्या बापाला मत्स्यशास्त्राविषयी सांगायचं, हे काम कुणाला सोपं वाटत असेल त्याने करून पाहावं. सरांनी प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. एकदा ते इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हणाले, "रोमुलो, ते माशांचं—"

"हो सर, आज स्वस्त आहेत. परत येताना थांबवू का बाजारात?"

सरांनी त्या दिवशी मासे घेतले.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता. शाळेतलं इंटरनेट फक्त शिक्षणाधिकारी भेटीला आले की चालतं, म्हणून सर आणि रोमालिंदा देलिंगताईच्या, आमच्या भाषेत नांग देलिंगच्या, दुकानासमोरच्या बाकावर बसले. तिथे नाणं टाकलं की चालणारं वायफायचं यंत्र होतं. दुकान म्हटलं की गिऱ्हाईक आलंच, आणि गिऱ्हाईक म्हटलं की सल्ला.

"फोटोत कान दिसले पाहिजेत," नांग देलिंग साबणाची वडी देता देता म्हणाली. "माझ्या भाचीचा अर्ज कानामुळे परत आला."

"कानाचं काही नाही," नोंग तिबुर्सियो म्हणाला. नोंग म्हणजे दादा. हा दादा जन्मभर जहाजावर स्वयंपाकी होता आणि त्यामुळे जगातल्या सगळ्या कचेऱ्यांची त्याला माहिती होती. "अर्ज सकाळी पाठवू नका, सर. सकाळी साहेब लोक चिडलेले असतात. जेवणानंतर पाठवा."

"तो कॉम्प्युटरकडे जातो, नोंग. साहेबाकडे नाही."

"कॉम्प्युटर पण तापतोच की दुपारी."

फोटो अर्धा चढला की यंत्रातली वेळ संपायची. सर नाणं शोधायला खिसे उलटे करायचे, तोवर फोटो पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला यंत्राने नाणं गिळलं आणि काहीच दिलं नाही. नांग देलिंगने त्याच्या कुशीत अनुभवी हाताने एक रट्टा दिला. पसंतीच्या रकान्याशी आल्यावर रोमालिंदाने सरांकडे पाहिलं. सरांनी रस्त्याकडे पाहिलं. तिने मत्स्यशास्त्र भरलं. पालकांच्या संमतीच्या कागदावर रोमुलोने आदल्याच दिवशी सही करून दिली होती, ती सुद्धा ट्रायसिकलच्या टपावर कागद ठेवून आणि न वाचता. "तुम्ही आहात म्हटल्यावर मी कशाला वाचायचं, सर?" तो म्हणाला होता. सरांना हे वाक्य जेवताना आठवायचं आणि घास तोंडात फिरत राहायचा.

पुढे चारित्र्याचा दाखला. सरांनी तो स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिला, सही केली आणि विद्यापीठाच्या कचेरीत घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी तो वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"सही समुपदेशकाची हवी."

"मीच आहे समुपदेशक."

"परवाना कुठाय?"

सर म्हणाले, "मुख्याध्यापिकांनी मला नेमलंय." नेमणूक कशाच्या आधारावर झाली हे त्यांनी सांगितलं नाही.

"परवाना नसेल तर आधीच्या समुपदेशकांची सही आणा."

"त्या कॅनडात आहेत."

"मग त्या कॅनडात आहेत असा दाखला आणा."

तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, गावातली निम्मी लग्नं ज्याच्या हातच्या छड्या खाल्लेल्यांची, त्याला एका खिडकीसमोर वाकून, जी बाई गावात नाही ती गावात नाही हे सिद्ध करायला सांगण्यात आलं. सर बाहेर येऊन घटाघट पाणी प्यायले. हा दाखला कोण देणार? बारांगायचे कप्तान, म्हणजे आमचे सरपंच, देणार. आणि तिथूनच पुढच्या सगळ्या रामायणाला सुरुवात झाली.

कप्तान सोब्रेवेगा दाखल्याला कधी नाही म्हणत नसत. त्यांनी ताबडतोब लिहून दिलं की सदर बाई या बारांगायच्या हद्दीत कुठेही आढळून येत नाहीत. शिक्का मारला. वर शुल्क घेतलं नाही.

"शुल्क कसलं, सर? गावाची लेक आहे. पास झाली की फ्लेक्स लावणारच ना? त्यात माझा एक छोटासा फोटो टाका. कोपऱ्यात."

फ्लेक्स लावणार, यात कुणाला शंका नव्हती. आमच्याकडे पोर काही पास झालं की रस्त्यावर त्याचा फ्लेक्स लागतो. नर्सची परीक्षा, खलाशाची परीक्षा, एकदा तर गाडी चालवायच्या परवान्याचाही लागला होता. फ्लेक्स नाही तर पास झाल्याचा पुरावा काय?

परीक्षा झाली. पेपर कसा गेला विचारलं तर रोमालिंदा म्हणायची, "गेला." निकालाला अजून बरेच आठवडे होते आणि सरांचं चित्त एका जागी राहीना. ते वर्गात खडू हातात घेऊन फळ्याऐवजी खिडकीकडे जायचे. घरी कोंबड्याला दाणे टाकायला उठायचे आणि दाणे परत आत घेऊन यायचे.

"परीक्षा तिने दिली आणि पोट तुझं बिघडलंय, लार्दो," त्यांची बायको कोन्सोर्सिया म्हणाली. "बस ना जरा खाली."

"बसलोय की."

"तू उभा आहेस."

सर बसले आणि लगेच उठले. नापास झाली तर तिची सरकारी कॉलेजची संधी गेली. मग बाप तिला गावच्या नर्सिंगच्या वर्गात घालणार हे ठरलेलं होतं. पास झाली तर बापाला कळणार. दोन्हीकडून सर मेले होते. फरक इतकाच की पास झाली तर ती पोरगी वाचत होती, आणि म्हणून ती पास व्हावी असं त्यांना अगदी पोटातून वाटत होतं.

अशात नोंग तिबुर्सियोने बातमी आणली की निकालाच्या दिवसांत फ्लेक्सवाल्याकडे एवढी गर्दी उसळते की गेल्या साली एकाचा अभिनंदनाचा फ्लेक्स तो कॉलेज सोडून परत आल्यावर मिळाला. आधी नंबर लावून ठेवावा. सरांना काहीतरी करायला मिळालं. ते लगोलग निघाले. अर्थातच रोमुलोच्या ट्रायसिकलमधून. रोमुलो त्यांच्याबरोबर दुकानात शिरला.

फ्लेक्सवाल्याने रोमालिंदाचा निळ्या झग्यातला फोटो पडद्यावर घेतला, मागे सूर्यकिरणं सोडली आणि विचारलं, "कोर्स काय टाकू?"

हीच ती वेळ होती. सरांनी घसा खाकरला. रोमुलो तोवर पडद्याशी जाऊन उभा राहिला होता, हातातली टोपी छातीशी धरून, चर्चमध्ये उभा राहतो तसा. "नर्सिंग," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरात टाका. हाँगकाँगहून बघितलं तरी वाचता आलं पाहिजे."

सर म्हणाले, "खाली 'मार्गदर्शक: अबेलार्दो क्विम्पो' असं येईल का?"

एवढंच म्हणाले. आपल्या तोंडून हेच कसं बाहेर पडलं, याचं उत्तर त्यांना मूल्यशिक्षणाच्या कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं.

मग कप्तानांचा कोपरा. कप्तानांनी फोटो पाठवला तो आडवा होता, कोपऱ्यात मावेना, म्हणून तो मध्ये आला. मध्ये आल्यावर रोमालिंदा बाजूला सरकली. कप्तानांचं कपाळ मुळात प्रशस्त. मोठं केल्यावर ते मैदानासारखं दिसू लागलं. बाजूला एका नगरसेवकाची शुभेच्छा आली, कारण तो कप्तानांचा साडू. शेवटी दुकानदाराचा स्वतःचा फोन नंबर आला, सरांच्या नावाच्याही वर.

फ्लेक्स तयार झाल्यावर दुकानदाराने तो, ज्याचं तोंड सर्वांत मोठं त्याचाच असणार असं समजून, कप्तानांच्या घरी पोचवला. कप्तानांनी तो त्याच दुपारी चौकात लावून टाकला.

सर धावत गेले. "कप्तान, अहो, निकाल कुठे लागलाय?"

"लागेल की. निवडणुकीच्या फ्लेक्सला अजून मनाई आहे, सर. अभिनंदनाला नाही."

"पण नापास झाली तर?"

"गावाच्या लेकीविषयी असं अभद्र बोलू नये," कप्तान दुखावून म्हणाले. जमलेल्या चारचौघांनी सरांकडे पाहिलं. सर खाली मान घालून घरी आले. त्यांचं नाव विजेच्या खांबामागे गेलं होतं, तेही त्यांनी जाता जाता पाहून घेतलं.

संध्याकाळपर्यंत रोमालिंदा पास झाली होती. नांग देलिंगने पानसितच्या शेवयांचं पातेलं पाठवलं. रविवारी फादरनी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं आणि रुग्णांची सेवा या विषयावर बराच वेळ बोलले. कुणीतरी फ्लेक्सचा फोटो फेसबुकवर टाकला. हाँगकाँगमध्ये एर्लिंडाने तो पाहिला, ज्या म्हातारीची ती शुश्रूषा करते तिलाही दाखवला आणि दोघी मिळून रडल्या. विद्यापीठाने निकालाचा शनिवार जाहीर केल्यावर रोमुलोने त्या दिवसासाठी डुक्कर ठरवलं. आख्खं.

"सर, तुम्ही सांगितलंत ना बाबांना?" शाळेच्या जिन्यात रोमालिंदाने विचारलं. लोक तिला 'नर्सबाई' म्हणू लागले होते आणि तिचा चेहरा उतरला होता.

"योग्य वेळ बघतोय, इंदाय."

"डुक्कर आलं, सर."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते जिना चढून गेले.

शनिवारी रोमुलोच्या अंगणात सकाळपासून डुक्कर फिरत्या बांबूवर भाजलं जात होतं. दुपारी निकाल उघडला. नांग देलिंगचं दुकान अंगणाला लागूनच, त्यामुळे अख्खं गाव कुंपणाशी तिच्या यंत्रासमोर उभं. प्रत्येकजण नाणं टाकत होता आणि प्रत्येकाच्या फोनवर तेच पांढरं चाक फिरत होतं. कप्तान इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. रोमुलोने हाँगकाँगला व्हिडिओ कॉल लावून फोन भाताच्या टोपलीला टेकवून ठेवला होता, म्हणजे एर्लिंडाला सगळं दिसावं. घाईघाईत सरांनी दोनदा दुसऱ्याच कुणा पाल्मारेसचा निकाल उघडला.

मग रोमालिंदाचा उघडला. नोंग तिबुर्सियोने सरांच्या खांद्यावरून मोठ्याने वाचला. "पाल्मारेस, रोमालिंदा. उत्तीर्ण." टाळ्या. "मत्स्यशास्त्र." टाळ्या थांबल्या.

"चुकलंय त्यांचं," रोमुलो म्हणाला. "सर, विद्यापीठात जाऊन सांगितलं पाहिजे."

"चुकलं नाही, रोमुलो," सर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "तिने तेच भरलं होतं. मला माहीत होतं. तुला मी सांगणार होतो."

"कधी?"

"रोज."

रोमुलोने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "रोज माझ्या गाडीत बसलात, सर. घाबरलात मला? मी काय केलं असतं?"

सरांना लाज वाटली. मत्स्यशास्त्राबद्दल त्यांनी मनात जे जे रचून ठेवलं होतं त्यातलं एक वाक्य आठवेना. टोपलीला टेकवलेल्या फोनमधून एर्लिंडा विचारू लागली, "काय झालं? सगळे गप्प का? नापास झाली का?" रोमालिंदाच पुढे झाली आणि तिने फोन हातात घेतला.

"पास झाले, आई. पण नर्सिंगला नाही. मत्स्यशास्त्राला."

पलीकडे एर्लिंडाने फोन तोंडाजवळ आणला. मग एर्लिंडा हळू आवाजात म्हणाली, "तू नर्स झालीस की इकडे येशील, असं धरून चालले होते मी. इथे हॉस्पिटलं पुष्कळ आहेत. आपण एका गावात राहिलो असतो."

रोमालिंदाचे डोळे भरून आले. "मी तिकडे आले, तर आपण दोघी दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या सांभाळणार, आई. आणि तू म्हातारी झालीस की परत यायचं कुणाकडे? मी इथे राहते. कॉलेजातून रोज घरी येईन. घर उघडं राहील."

कोन्सोर्सियाने पदर नसल्यामुळे सरांच्या शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. कप्तानसुद्धा डुकराकडे बघत उभे राहिले.

"रोज घरी?" एर्लिंडाने विचारलं.

"रोज."

"जेवायला?"

"जेवायला."

एर्लिंडाने डोळे पुसले. मग, आमच्या बायका फोनवर असताना करतात तसं, ती एकदम कामाचं बोलू लागली. "डुक्कर झालं का? मग कापा. गार झाल्यावर खाणार आहात का? आणि तो फ्लेक्स दाखवा मला जवळून. फोटोत नीट दिसला नाही."

सगळी वरात फोन घेऊन चौकात गेली. रोमुलोने फोन वर धरून फ्लेक्सच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. एर्लिंडा एकेक वाचत होती. "हे कप्तान. हे नगरसेवक. हा दुकानाचा नंबर. खांबामागे काय आहे?"

"ते मी," सर म्हणाले.

"बरं. आणि मी कुठे आहे?"

शाळेची फी, निळा झगा, डुक्कर आणि तो फ्लेक्ससुद्धा जिच्या कमाईतून आला होता, तिचं नाव टाकायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. रोमुलोचा चेहरा पार पडला. त्याने फोन मुलीच्या हातात दिला, घरी गेला, आणि ट्रायसिकलला लावायचा लाल रंग आणि शिडी घेऊन आला.

"शिडी धरा, सर," तो म्हणाला. "एवढं तरी जमेल ना?"

सरांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. रोमुलोने आधी 'नर्सिंग'वर लाल पट्टा ओढला आणि वर 'मत्स्यशास्त्र' लिहिलं. मग आईच्या नावासाठी तो जागा शोधू लागला. एका बाजूला सूर्यकिरणं, एका बाजूला नगरसेवक. फ्लेक्सवर मोकळी अशी एकच जागा होती. त्याने ब्रश बुडवला आणि कप्तानांच्या कपाळावर डावीकडून सुरुवात केली.

कप्तान खाली उभे राहून बघत होते. निवडणूक तोंडावर होती. त्यांनी एकदा फोनमधल्या एर्लिंडाकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं.

"कपाळ घे, रोमुलो," ते म्हणाले. "पण डोळे तेवढे सोड."